न दिसणारा घटक

अमेरिकेत कंपन्या एकमेकींना कागद पाठवतात ते आकड्यांच्या नावांनी. एक्स१२ नावाच्या पद्धतीत ८५० म्हणजे खरेदीची ऑर्डर, ८१० म्हणजे बिल. माझा भाचा पुण्यात बसून ही देवाणघेवाण जुळवतो. पडद्यावर चौकोन मांडायचे, बाणांनी जोडायचे. (भूमितीच्या तासासारखंच!)

परवा ‘ट्रेडिंग पार्टनर’ हा घटक त्याला यादीत दिसेचना. ब्राउझर बदलला, कॅश पुसली, पुन्हा लॉगिन केलं. संध्याकाळी म्हणाला, "मावशी, मलाच येत नाही बहुतेक."

मी विचारलं, "अरे, शेजारच्याला दिसतो का?" सहकाऱ्याच्या खात्यात दिसत होता. ती सोय म्हणे खात्यागणिक चालू करून घ्यावी लागते. याच्या नव्या खात्यात कुणी केलीच नव्हती.

वर्गात मुलगा गप्प बसला की मी आधी त्याचं पुस्तक बघायची. कधीकधी पानच नसायचं हो! पान नाही हे पोराला कळणार कसं? निदान फिकट अक्षरात तरी तो पर्याय दाखवायचा.

असो. सोय चालू करायची मेल गेली आहे, उत्तर नाही. पहिल्या ऑर्डरी सोमवारी यायच्यात.