भागी आणि हमी

गेल्या आषाढात माझा पुतण्या सेलूहून आला, तो काखेत एक जाडजूड फाईल घेऊनच. आपल्या परभणी जिल्ह्यात तूर पिकते. तेव्हा एका मित्राच्या भागीत लहानशी डाळमिल काढावी, असा त्याचा मनोदय. "काका, भागीदारी बरी की कंपनी?" एवढेच त्याने विचारले. पण मला माझ्या वडिलांची भागी आठवली.

१९७२ च्या दुष्काळानंतर वडिलांनी एका स्नेह्याबरोबर मानवतच्या मोंढ्यात अडत घातली होती. करार तोंडी. "आपल्यात कागद कशाला?" असे दोघेही म्हणत. पुढे एका व्यापाऱ्याने उधारी बुडविली. १९३२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला अशा येण्यासाठी कोर्टाचे दार बंद. देण्यासाठी मात्र प्रत्येक भागीदार आपल्या घरादारानिशी बांधलेला! स्नेह्याजवळ काही उरले नव्हते. आमचा वाडा विकला गेला, आणि दोन्ही घरांचे बोलणेही संपले.

म्हणून "कंपनीच काढ," असे मी म्हणणार होतो. कंपनीत भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती असते. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारीही आली आहे. इतक्यात त्याच्या फाईलीतील कर्जाचे कागद पाहिले. कंपनीस कर्ज हवे, तर संचालकांनी स्वतः हमी द्यावयाची होती. कायद्याने घराभोवती घातलेले कुंपण एका सहीने मोडते, ते असे.

मग मी त्यास एवढेच सांगितले: "कर्ज बेताने घे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. भागीदारीच करणार असाल, तर तिची नोंदणी करा. आणि भांडवल कोणाचे किती, कर्जावर सही कोणाची, एकजण निघाला किंवा वारला तर पुढे काय, हे आजच लिहा."

"कागद मागितला तर त्याला वाईट वाटेल, काका."

"वाटू दे. आज वाटलेले वाईट तासाभरात विरते."

तो काही बोलला नाही. मलाही वडिलांचे ते स्नेही आठवत राहिले. ते लबाड नव्हते, वडीलही नव्हते. दोघांनीही कागदाला अविश्वास मानले, एवढीच त्यांची चूक. खरे पाहता, मैत्री शाबूत आहे तोवरच असला कागद न्यायाने लिहिता येतो. ती तुटल्यावर लिहितात, त्यास फिर्याद म्हणतात.