न झालेल्या आवाजाची भीती

चेन्नईत सकाळी सात वाजतासुद्धा अंगाला घाम फुटतो. पण त्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर तिच्या तळहाताला सुटलेला घाम केवळ हवेचा नव्हता. समोरच्या टेबलावर क्लबने नुकतेच घेतलेले पॉइंट टू-टू बोअरचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल ठेवले होते. इटलीत तयार झालेले, काळेभोर, लाकडी मुठीचे. आज ते पहिल्यांदाच तिच्या हाती येणार होते.

ती मूळची सोलापूरची. वय बेचाळीस. नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईला आलेली, दोन मुलांची आई. बंदूक-पिस्तुलाशी तिच्या माहेरी-सासरी कोणाचाच कधी संबंध आला नव्हता. ती क्लबात जाऊ लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्याच, "अगं, या वयात बायका भजनी मंडळात जातात, तू गोळ्या झाडायला निघालीस!"

ती यावर हसली होती. खरे कारण तिने कोणालाच सांगितले नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका रात्री दोन वाजता फोन वाजला होता. दौऱ्यावर असलेल्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला होता. तो त्यातून बरा झाला, पुन्हा कामावरही जाऊ लागला. तिला मात्र तेव्हापासून फोनची घंटी सोसेना. दिवसा-रात्री केव्हाही फोन वाजला की छातीत धस्स होई. हातातली कपबशी हिंदकळे. पुढे पुढे तर फोन वाजण्याआधीच ती दचकू लागली. मुले हसत, "आई, अजून वाजलाही नाही!"

जानेवारी २०२४ मध्ये खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धा तामिळनाडूत झाल्या. चेन्नईतल्या मराठी मंडळींनी महाराष्ट्राच्या मुलांचे मोठे कौतुक केले. पदकतक्त्यात महाराष्ट्र पहिला आला, यजमान तामिळनाडू दुसरा. त्या दिवसांत तिने सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलीला पिस्तूल रोखून उभी असलेली पाहिले. आजूबाजूला इतर पिस्तुले वाजत होती, पण त्या मुलीची पापणीही हलत नव्हती. असे स्थिर उभे राहणे आपल्याला जमेल का, या एकाच विचाराने तिने क्लबाची पायरी चढली.

सुरुवात एअर पिस्तुलाने झाली. दहा मीटरवरचे लक्ष्य, साडेचार मिलिमीटरचा छर्रा, आणि दर वेळी छर्रा आपल्या हाताने भरायचा. आवाज जेमतेम टाळी वाजवल्याएवढा. दीड वर्षात तिचा हात बऱ्यापैकी बसला. तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "अम्मा, आता पुढचे पिस्तूल."

हे पुढचे पिस्तूल सर्वस्वी वेगळे होते. लक्ष्य पंचवीस मीटरवर. एअर पिस्तुलाचा चाप किमान पाचशे ग्रॅम दाबाने सुटतो, इथे किमान हजार ग्रॅम लागतो. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे. एक गोळी सुटली की त्याच धक्क्याने पिस्तुलाचा बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत जाऊन बसते. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र नव्याने दाबावा लागतो. म्हणून ते सेमी-ऑटोमॅटिक.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार असे पिस्तूल बाळगायला परवाना लागतो. त्यामुळे क्लबाचे पिस्तूल क्लबातच राहते, घरी येत नाही. हे कळल्यावर सासूबाईंना हायसे वाटले होते.

प्रशिक्षकांनी आधी शिस्त पुन्हा घोकून घेतली. नळीचे तोंड कायम लक्ष्याकडे. चापावर बोट फक्त नेम धरल्यावर. पिस्तूल खाली ठेवताना मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा आणि नळीत नारिंगी दोरी, म्हणजे ते रिकामे आहे हे दुरूनही दिसावे. मग तिने डोळ्यांना चष्मा लावला, कानांवर मफ चढवले आणि एका हाताने पिस्तूल उचलले. या खेळात दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही.

पहिली गोळी सुटली आणि ती मनातून चरकली. धक्का तसा किरकोळ होता, मनगट जरासे उचलले गेले एवढेच. पण छपराखाली आवाज चांगलाच घुमला, आणि पुंगळी टणकन् फरशीवर पडली. भरण्यासाठी थांबायचे नव्हते. पुढची गोळी तयारच होती. जणू पिस्तूलच घाई करत होते. पाचही गोळ्या तिने भराभर झाडल्या. बोल्ट उघडाच राहिला, म्हणजे मॅगझिन संपले.

लक्ष्याकडे पाहिले तर पाचही गोळ्या काळ्या गोलाच्या खाली, डावीकडे. दुसऱ्या वेळीही तसेच.

"पिस्तुलाची माशी बिघडली आहे का?" तिने विचारले.

प्रशिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी मॅगझिन घेतले, पाठ फिरवून भरले आणि तिच्या हाती दिले. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी तिने चाप दाबला आणि नुसताच 'खट्' असा आवाज आला. त्यांनी मधेच एक बिनदारूचे काडतूस घातले होते. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, तरीही नळीचे तोंड चांगले बोटभर खाली गेले होते. ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

"आता पिस्तुलाने काहीच केले नाही," प्रशिक्षक म्हणाले. "मग नळी कोणी हलवली?"

ती गप्प राहिली. गोळीचा आवाज होण्याआधीच हात दचकत होता. मुलांचे बोल तिला आठवले, 'आई, अजून वाजलाही नाही!'

"पयप्पडादींग अम्मा, मेदुवा," ते म्हणाले. घाबरू नका, हळूहळू. हा दोष प्रत्येक नवख्याला असतो. आवाज थोपवता येत नाही, तेव्हा त्याची वाट पाहू नये. नजर माशीवर ठेवावी, चापावरचा दाब हळूहळू वाढवत न्यावा आणि गोळी सुटेल तेव्हा सुटू द्यावी.

घरी येताना तिला राही सरनोबत आठवली. कोल्हापूरची ही मुलगी याच पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारातली. या प्रकाराच्या दुसऱ्या भागात लक्ष्य फक्त तीन सेकंद मिळते. मग सात सेकंद थांबायचे, पुन्हा तीन सेकंद. २०१३ मध्ये चांगवानच्या विश्वचषकात राहीने सुवर्णपदक मिळवले. पुढे कोपराच्या दुखापतीने ती मागे पडली. पण २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत बरोबरी झाल्यावर दोनदा शूट-ऑफ झाला, आणि राही सुवर्ण जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या क्षणी तिचेही काळीज धडधडत असेलच. पण धडधड हातापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढे तिने साधले होते.

त्यानंतरचे चार रविवार तिने प्रशिक्षकांकडून मॅगझिन भरून घेतले. बनावट काडतूस कितवे आहे ते तिला ठाऊक नसे. पहिल्या रविवारी नळी प्रत्येक वेळी खाली गेली. चौथ्या रविवारी एकदा 'खट्' झाले आणि नळी जिथल्या तिथे राहिली. प्रशिक्षकांनी नुसती मान हलवली. त्या दिवशीच्या गोळ्या गोलाच्या मध्यभागी लागल्या असे नाही, पण त्या खाली गेल्या नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. छातीत धस्स झालेच. हात फोनकडे झेपावला, आणि मधेच थांबला. तिने एक श्वास पूर्ण घेतला, सोडला आणि मग फोन उचलला. कोणीतरी तमिळमध्ये भलताच नंबर विचारत होते.

"कोणाचा गं?" आतून सासूबाईंनी विचारले.

"कोणाचाच नाही. झोपा तुम्ही," ती म्हणाली, आणि भरलेला पाण्याचा तांब्या न सांडता त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला.