जुलै कोणाचा?

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी तीस वर्षे प्लॅनिंग खात्यात काढली. कोणता जॉब कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणाच्या हातून, हे चार्टवर मांडायचे, एवढेच माझे काम. निवृत्तीनंतर मुलाने मोबाईलवर फ्रान्सची सायकल शर्यत दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तिथले घाट पाहायचे सोडून मी संघाच्या वेळापत्रकातच शिरलो. एका संघात दोन अव्वल स्वार असले तर त्यांचे वर्ष कसे वाटायचे? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण म्यान ज्याच्या हाती दिलेले असते त्याने काय करावे?

आमच्याकडे असे दोन टर्नर होते. एक मच्छेचे, त्यांना सगळे मामा म्हणत. दुसरे बैलहोंगलकडचे, ते अण्णा. मामा मराठीत विचारायचे, अण्णा कन्नडमध्ये उत्तर द्यायचे, आणि मायक्रोमीटर दोघांनाही सारखाच वश. भाषेवरून त्यांचे कधी वाजले नाही. वाजायचे ते मोठ्या लेथवरून, कारण ती एकच होती. पंधरा-पंधरा दिवस वाटून दिले की वर्षभर सुरळीत चालायचे. मार्चमध्ये अवघड माल यायचा, तेव्हा मात्र दोघांनाही तीच लेथ हवी असायची.

सायकलींचा मार्च म्हणजे जुलै. तीन आठवड्यांच्या, 21 टप्प्यांच्या तीन मोठ्या शर्यती असतात. मे महिन्यात इटलीची, जुलैत फ्रान्सची, ऑगस्टअखेरीस सुरू होणारी स्पेनची. तिन्ही जिंकायलाच उतरणे म्हणजे एकट्याने तिन्ही पाळ्या ओढणे. म्हणून आधी मुख्य शर्यत ठरवतात आणि तिथून मागे मोजत येतात : उंच डोंगरावरचा सराव, आठवडाभराच्या लहान शर्यती, मध्ये विश्रांती. घाटात पुढे राहून वारा अडवणारे मदतनीसही वाटावे लागतात.

2023 मध्ये नेदरलँड्सच्या जम्बो-विस्मा संघाने ही वाटणी फार सुरेख केली. प्रिमोझ रोगलिचला इटली, योनास विंगेगार्डला फ्रान्स. रोगलिच मार्चमध्ये तिर्रेनो आणि कातालुन्या जिंकून मे महिन्याकडे गेला. विंगेगार्ड पॅरिस-नीस, बास्क आणि जूनमधली दोफिने अशा पायऱ्यांनी जुलैकडे. दोघांच्या वाटा वेगळ्या, दोघेही जिंकले. असा चार्ट पाहिला की माझ्यासारख्याचे पोट भरते!

मग स्पेनला दोघेही उतरले. तिथे पुढे निघाला तिसराच, सेप कस. त्या वर्षी तो इटलीत रोगलिचसाठी आणि फ्रान्समध्ये विंगेगार्डसाठी राबला होता. त्याच्या वेळापत्रकावरून कोणी भांडले नव्हते. आंग्लिरूच्या भयंकर चढावर त्या दोघांनी आघाडीवरच्या कसला मागे टाकले. त्याच्याकडे आठच सेकंद उरले. दुसऱ्या दिवसापासून मात्र दोघांनी त्याला सांभाळले. कस जिंकला, विंगेगार्ड 17 सेकंदांनी दुसरा, रोगलिच तिसरा. तिन्ही मोठ्या शर्यती एकाच वर्षी एकाच संघाने जिंकल्याची ती पहिलीच वेळ. मला मात्र त्या विक्रमापेक्षा आंग्लिरूवरचे मागे पडलेले कसचे डोकेच आठवते.

नुसत्या शब्दावर हे निभत नाही. 1985 मध्ये ग्रेग लेमाँडने बर्नार इनोसाठी आपला वेग आवरला, इनो पाचव्यांदा फ्रान्स जिंकला आणि पुढच्या वर्षी तुला मदत करीन म्हणाला. 1986 मध्ये तोच इनो त्याच्यावर चढाई करत राहिला. लेमाँड जिंकला, पण आपल्याच संघातल्या माणसाशी लढून.

माझे मत असे, की वेळापत्रक दोघांचे काम वाटते, मान वाटत नाही. इटली कितीही मोठी असली तरी जुलै तो जुलैच. मे महिना ज्याच्या वाट्याला येतो त्याला ते ठाऊक असते, आणि 'पुढच्या वर्षी बघू' हे त्याला किती वेळा सांगणार?

2023 संपताना रोगलिच दुसऱ्या संघात गेला. 2024 च्या जुलैत तो तिथला प्रमुख म्हणून फ्रान्सला उतरला, पडला, आणि 13 व्या टप्प्याला सुरुवातीच्या रेषेवर आलाच नाही. सप्टेंबरात त्याने स्पेनची शर्यत चौथ्यांदा जिंकली.