रा. रा. एअरब्रश यांस सविनय तक्रार

पेण,
आषाढ वद्य अष्टमी

रा. रा. एअरब्रश यांस,
कृ. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. पावसाने ठाण मांडलंय, कारखान्यात मूर्तींच्या रांगा लागल्यात आणि मुंबईचे व्यापारी "झालं का?" म्हणून फोन करू लागलेत. अशा ऐन घाईत रंग बदलायचं नाव काढलं की तुम्ही अंघोळीला बसता, म्हणून हे पत्र.

आधी आभार. बाप्पाच्या सोंडेच्या वळ्यांत, पोटाखाली, बोटांच्या बेचक्यांत तुम्ही जी सावली धरता ती कुंचल्याला साधत नाही. हात कितीही हलका असो, कड राहतेच. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. एवढ्याशा हालचालीत गुलाबी अंग भरीव दिसायला लागतं.

तुमचं घराणं मोठं, हेही मान्य. 1879च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवात एबनर पीलर नावाच्या गृहस्थांनी तुमचा पूर्वज घडवला आणि पुढे फोटोतले चेहरे उजळण्यात तुमच्या कुळाच्या पिढ्या गेल्या. पण तो बहुतेक मामला काळ्या-करड्याचा होता हो! इथे पिवळा पीतांबर, लाल शेला, जांभळं उपरणं, आणि सगळं चतुर्थीच्या आत.

लालानंतर पिवळा भरायचा म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. कप रिकामा करून पुसला, पाणी मारलं, रद्दीवर स्वच्छ पाणी उडालं. तरी पिवळ्याचा पहिला फवारा नारिंगी. लाल नोझलच्या आत, सुईच्या अंगाला दडून बसलेला असतो. मग तोंडावर फडकं दाबून हवा उलटी सोडायची. कपात वरणाला उकळी फुटावी तसे बुडबुडे येतात आणि चोर वर येतो. एवढ्यानेही भागलं नाही तर मागची चकती सैल करून सुई ओढायची आणि ओल्या कापसाने टोकाच्या दिशेने पुसायची. ते टोक जरा कशाला टेकलं तरी वाकतं, मग फवारा रुसून एका बाजूला जातो. बरं, रेंगाळायचीही सोय नाही. अॅक्रिलिक एकदा आत वाळला की पाण्याला दाद देत नाही.

तुमच्या या सोवळ्यापायी कारखान्याची रीतच बदलली. मूर्तीमागून मूर्ती पुरी करणं आता परवडत नाही. अख्ख्या रांगेचे पीतांबर आधी, मग शेले, मग उपरणी, फिकटाकडून गडदाकडे. दिवसचे दिवस एकही गणपती पुरा दिसत नाही आणि दारात आलेलं गिऱ्हाईक हबकतं. त्यातून एखादा यजमान आयत्या वेळी "शेला मोरपंखी करा ना" म्हणतो. त्याचं काय जातं? सुई मला काढावी लागते.

सोनेरीसाठी मोठ्या नोझलचे तुमचे थोरले बंधू वेगळे ठेवलेत. याचा हेवा करू नये. ती चमकी तुमच्या घशात अडकते, आणि धुतली तरी पुढच्या रंगात चकाकत राहते.

विनंती एवढीच. या दिवसांत हवेतला ओलावा कॉम्प्रेसरमध्ये साचतो. टाकीतलं पाणी मी रोज सोडतो, नळीवर पाणी अडवणारी बाटलीही बसवलीय. तरी तुम्ही मधेच थुंकता, आणि तेही नेमकं गौरीच्या गालावर! थुंकायचंच झालं तर रद्दीवर थुंकावं.

डोळ्यांच्या आखणीला बोलावत नाही म्हणून राग नसावा. ते काम कुंचल्याचं. आमचे वडील ते माझ्याही हाती देत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक रंगारी

ता. क. तुमचं नवं नोझल आलंय. बोटाच्या पेरावर ठेवलं तर शोधावं लागतं, इतकं लहान. यापुढे धुणं चाळणीवरच होईल. मोरीत गेलात तर उपसायला मी येणार नाही.