गेटवेसमोरची घासाघीस
गेटवेहून मांडव्याला निघालात की वाटेत नांगरलेल्या शिडाच्या होड्या कसल्या झकास दिसतात! पण खरी मेहनत पाण्याखाली. मुंबईच्या कोमट पाण्यात काही आठवड्यांतच तळाला शेवाळ नि बार्नेकल चिकटतात, होडी मंदावते. इथं मोठ्या उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं. म्हणून ओहोटी लागली की होडी कडक वाळूवर टेकवायची, उघडी पडली की तळ खरवडायचा. भरती परतायच्या आत! ही डेडलाइन बॉसपेक्षा कडक.

टॉयलेटचा मामला त्याहून नाजूक. भांडं बऱ्याचदा पाण्याच्या पातळीखाली असतं. हातपंप मारून झाला की तळाचे व्हॉल्व्ह बंद करायचेच. नाहीतर त्याच पाइपातून समुद्र आत शिरतो, आणि नांगरावरची होडी रातोरात बुडू शकते. रंग, वॉर्निश वगैरे नंतर.