वेल्सची मोटार

अँगलसी हे वेल्सच्या वायव्य टोकाचे बेट. मेनायची सामुद्रधुनी ओलांडली, की दगडी कुंपणे, मेंढ्या आणि वारा यांचे राज्य सुरू होते. बेटाच्या पूर्वेला रेड वॉर्फ बे म्हणून एक उपसागर आहे. ओहोटीला त्याचे पाणी इतके दूर जाते, की समुद्र रुसून माहेरी गेला की काय असे वाटावे! १९४७ साली याच वाळूवर रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी एका मोटारीची आकृती रेखाटली. त्यांच्या इथल्या शेतावर महायुद्धातून उरलेली एक अमेरिकन जीप होती. ती मोडली तर पुढे काय, हा त्यांचा प्रश्न. वाळूतल्या रेघा भरतीने पुसल्या. मोटार मात्र ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात उभी राहिली. तीच लँड रोव्हर. २००८ साली ती कंपनी मुंबईच्या टाटांनी घेतली, हे वाचकांना ठाऊक आहेच.

आम्ही उभयता तेथे गेलो ते समुद्र पाहायला नव्हे. आमचे धाकटे मेहुणे न्यू जर्सीत राहतात. त्यांना १९६७ सालची लँड रोव्हर विकत घ्यायची होती, आणि ताई-भाऊजी सोबत हवे होते. आता जुन्या मोटारीच्या सौद्यात मराठीच्या प्राध्यापकाचा काय उपयोग? पण सौदा करताना शेजारी कोणी गंभीर चेहऱ्याचा माणूस उभा असला, तर बरे असते.

या हौसेचे मूळ कऱ्हाडात आहे. सासरे पाटबंधारे खात्यात होते. दाराशी रोज सरकारी जीप यायची, आणि मुलांना तिच्यात पाऊल ठेवायची बंदी होती. “पेट्रोल सरकारचं आहे,” एवढेच ते म्हणत. दोन वर्षांपूर्वी कऱ्हाडचे घर विकले गेले. मेहुण्यांच्या वाट्याचे जे पैसे आले, त्यांतूनच ही खरेदी होणार होती. आमच्या सौभाग्यवतींचे मौन मला बँगोर स्टेशनापासून ऐकू येत होते.

गाडी एका म्हाताऱ्या मेंढपाळ शेतकऱ्याच्या गोठ्यात उभी होती. दोन्ही दिवे जाळीत अगदी जवळजवळ, त्यामुळे चेहरा थोडा भाबडा. बॉनेटवर जादा चाक. मेहुण्यांनी खिशातून लोहचुंबक काढले. ते दाराच्या पत्र्याला चिकटेना! लढाईनंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून या गाड्यांचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. ते गंजत नाही. पण खालचा सांगाडा पोलादी, आणि या गाड्यांचे मरण तिथेच असते. मेहुणे चिखलात उताणे पडून हातोडीने सांगाडा ठोकू लागले. आठवडी बाजारात बाया मडके वाजवून घेतात, अगदी तसे. टण्ण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत गंज. मागच्या टोकाला भद्द आला. म्हाताऱ्याने मुकाट्याने पाचशे पौंड कमी केले.

मग कागद. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारीला तिथले सुरक्षेचे नियम लागू होत नाहीत. परंतु वय खरे हवे. नव्या गाडीला जुन्या गाडीची ओळख चिकटवण्याचे उद्योग चालतात. २०१४ साली तिथल्या सरकारने असल्या संशयावरून चाळीस लँड रोव्हर जप्त केल्या होत्या. म्हणून सांगाड्यावरचा आकडा आणि नोंदणीपत्रावरचा आकडा मी तीनदा मोठ्याने वाचून ताडून पाहिला. पेपर तपासण्याची सवय अशी कामी येते.

“आता हिला घरी नेतो,” मेहुणे म्हणाले.

“घरी म्हणजे कुठे रे?” सौ.ने विचारले. दोन दिवसांतले तिचे हे पहिलेच सरळ वाक्य. मेहुण्यांनी उत्तर दिले नाही. त्यांनी दार उघडून धरले आणि म्हणाले, “ताई, पुढे बस.”

ती बसली. सुकाणू आपल्याकडच्यासारखे उजवीकडे. पहिल्या-दुसऱ्या गिअरला सिंक्रोमेश नाही, तेव्हा गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबावा लागतो. मेहुण्यांनी एकदाच दाबला, आणि गाडी अशी कडाडली, की मेंढ्या पांगल्या. सौ. खळखळून हसली. शेताला तीन फेऱ्या झाल्या. मी कुंपणाशी म्हाताऱ्याबरोबर उभा होतो. तो गाडीकडे पाहत नव्हता.

साउदॅम्प्टनला बोटीवर चढवण्यापूर्वी गाडीचे पोट वाफेच्या फवाऱ्याने धुवावे लागले. परदेशची माती अमेरिकेत उतरू देत नाहीत. सत्तावन्न वर्षांचा वेल्श चिखल ढेकळाढेकळांनी गळून पडत होता. ते पाहायला सौ. मुद्दाम थांबली होती.

पुढे महिन्याभराने बॉल्टिमोरहून फोन आला. गाडी पोचली होती, डावे दार गळत होते, आणि आसनाखाली मेंढीच्या लोकरीचा एक पुंजका सापडला होता. “ठेवू का टाकू?” मेहुण्यांनी विचारले.

“ठेव,” सौ. म्हणाली.