घाट, लाल दिवा आणि आतला पॅड

बेळगावहून गोव्याला गाडीने जाणाऱ्यांना चोर्ल्याची वाट सांगायला नको. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग तो उतार, उजव्या-डाव्या वळणांमधून मध्येच दिसणारं अंजुण्याचं धरण, खाली केरी आणि साखळी. आपल्या मंडळातली निम्मी घरं तरी सासर, माहेर किंवा देव यांपैकी कशाने ना कशाने गोव्याशी बांधलेली आहेत, त्यामुळे वर्षातून चार-सहा वेळा हा घाट ठरलेलाच. माझं माहेर म्हापशाचं. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे आणि गाडी स्वतः चालवते. हे एवढं सांगण्याचं कारण पुढे येईल.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी म्हापशाला ठरलेलं. भाऊ परदेशात, म्हणजे जायचं मलाच. मंगळवारी दुपारी निघाले. जांबोटी सोडून पुढच्या वळणांना लागले आणि समोरच्या काचेखाली लाल दिवा लागला. गोल, त्यात उद्गारचिन्ह. वळण संपलं, दिवा विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला, पुन्हा विझला. ब्रेक तर नेहमीसारखा लागत होता. पण पुढे चोर्ल्याचा उतार आहे हे माहीत असताना ब्रेकचा लाल दिवा बघून पुढे जायचं माझ्या स्वभावात नाही. गाडी वळवली आणि सावकाश घरी आले. आईला फोन केला. ती म्हणाली, "गाडी राहू दे गो, बस धरून ये." बसने जाता आलं असतं, पण परत येताना डोळ्याला पट्टी बांधलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला बेळगावला आणायचं होतं, ते बसने कसं जमणार?

या दिव्याचं म्हणणं काय असतं, ते आधी सांगते. बहुतेक साध्या गाड्यांत हा एकच दिवा दोन-तीन कामं करतो. हँडब्रेक ओढलेला असला की लागतो. ब्रेकच्या तेलाची पातळी खाली गेली की लागतो. काही गाड्यांत पिवळ्या ए.बी.एस.च्या दिव्याबरोबर हाही लागला तर बिघाड ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक भागात असतो, आणि तिथे आपण हात घालायचा नाही. माझा पिवळा दिवा लागलेला नव्हता. हँडब्रेक पूर्ण खाली होता. वर-खाली करून पाहिला, दिवा त्याच्या खटक्याबरोबर नीट लागत-विझत होता. उरलं तेल.

दिवा फक्त वळणावर लागत होता, यातच अर्धं उत्तर होतं. तेलाच्या डबीत एक तरंगता तुकडा असतो. तेल खाली गेलं की तोही खाली जातो आणि दिव्याचा खटका जोडला जातो. पातळी अगदी काठावर असली तर वळणावर तेल एका बाजूला कलतं, तुकडा क्षणभर खाली जातो आणि दिवा लुकलुकतो. ताटातलं सार घेऊन वळणारा वाढपी आठवा, तसंच.

घरी सपाट जागेवर, इंजिन थंड झाल्यावर बॉनेट उघडलं. डबी अर्धपारदर्शक असते, झाकण न काढताही पातळी दिसते. तेल खालच्या रेघेच्या जेमतेम वर होतं. मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला, खाली फरशीवर पुठ्ठा पसरला, कुठे ओल नाही. इंजिन चालू करून पेडल घट्ट दाबून मनात साठपर्यंत आकडे मोजले. पेडल जिथल्या तिथे. पाय हळूहळू खाली जायला लागला असता तर गाडी ओढूनच न्यावी लागली असती.

म्हणजे तेल गळलेलं नव्हतं. मग ते गेलं कुठे? इथे शाळेतला पास्कल कामाला येतो. आपण पेडल दाबतो, तो दाब तेलातून चाकाजवळच्या पिस्टनपर्यंत पोचतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला चिमटा घेतो. पॅड झिजत जातात तसा पिस्टन पुढे सरकून राहतो, आणि त्याच्या मागची वाढलेली जागा तेल भरून काढतं. पिस्टन पन्नास मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाचे दोन्ही पॅड मिळून बारा मिलिमीटर झिजलेले धरले, तर एका चाकामागे साधारण तेवीस-चोवीस मिली तेल जातं. दोन चाकांचं मिळून कटिंग चहापेक्षा थोडंसं कमी. डबी तेवढ्यानेच खालच्या रेघेला येते. तेल हरवलेलं नसतं, पॅडच्या झिजेचा हिशोब सांगत असतं.

एवढ्यात आमच्या शेजारचे काका आले. त्यांनी चाकाच्या जाळीतून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पॅड भरपूर आहेत हो. तेल टाका आणि सुटा. सगळे असंच करतात." जाळीतून दिसणारा पॅड खरंच भरपूर होता. पाच-सहा मिलिमीटर सहज. मग तेल खाली कसं, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर गाडी न बघताच डिस्क, पॅड, कॅलिपर सगळं बदलावं लागेल म्हणाले. साडेअकरा हजार आणि शुक्रवार संध्याकाळ. एकाने काहीच नको सांगितलं, दुसऱ्याने सगळंच. चाक मात्र कोणीच उघडलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सात वाजता तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका मिस्त्रीकडे गेले. हा माझा जुना विद्यार्थी. दहावीला विज्ञानात काठावर पास, पण प्रयोगाच्या तासाला सगळ्यांत पुढे. नाव लिहू नका टीचर, म्हणाला, म्हणून लिहीत नाही.

त्याने आधी चाकामागे दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक लावला. जॅकवर एकट्यावर त्याचा विश्वास नाही. गाडीखाली स्टँड लावला आणि काढलेलं चाकही आडवं सरकवलं. "जॅक घसरला तर चाकावर बसेल, माझ्यावर नको." कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला आणि तारेने बांधला. रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, नळी आतून फाटते आणि बाहेरून कळत नाही.

पॅड काढून त्याने माझ्या हातावर ठेवले. बाहेरचा जाडजूड. आतला दीड मिलिमीटर, एका कडेला तर पत्राच लागायला आलेला.

"बघा की टीचर. बाहेरचा हसतोय, आतला रडतोय. चाकातून बघणाऱ्याला हसणाराच दिसतोय."

कारण त्याने दोन बोटांनी दाखवलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो, त्यांतली एक गंजून बसली होती. बेळगावचा पाऊस, त्यात पिनेच्या रबराला पडलेली चीर. कॅलिपर सरकेना, म्हणून पिस्टन आतल्या पॅडला एकट्यालाच रेटत राहिला. पॅड झिजले की करकर वाजावी म्हणून त्यावर एक लोखंडी जीभ असते. माझ्या पॅडची ती जीभ बाहेरच्या पॅडवर होती. तो झिजलाच नव्हता, मग वाजणार काय?

नुसतं तेल टाकून निघाले असते तर दिवा विझला असता. दिवा गप्प आणि पॅड तसाच. आणि नंतर कधी पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला की तेवढंच तेल डबीतून वर येऊन सांडलं असतं, आणि हे तेल गाडीच्या रंगावर पडलं तर रंग उचलून काढतं.

त्याने पिन काढून घासल्या, ब्रेकसाठीचंच वेगळं ग्रीस लावलं (साधं ग्रीस रबर फुगवतं), रबर नवं बसवलं. ब्रशने झाडताना धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडलं. डिस्कची जाडी मापाने तपासली. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती बरीच वर होती, चरेही नव्हते. "ही आपल्या गावची असंल बघा," म्हणाला. आमच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचा अभिमान बेळगावकराला असतोच. तिथे ओतलेली असेल-नसेल, बदलायची गरज नव्हती एवढं खरं.

मग म्हणाला, "दुसरं चाक तुम्ही करा. मी बसतो इथंच."

बत्तीस वर्षं मी मुलांना हेच म्हणत आले होते. केलं. नट सैल करायला पान्यावर उभं राहावं लागलं, बाकी काही अवघड नव्हतं. या बाजूच्या पिना मोकळ्या, दोन्ही पॅड सारखे झिजलेले, तीन-तीन मिलिमीटर. तरीही बदलले, कारण पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड जोडीनेच बदलायचे असतात, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. पिस्टन शिकंज्याने हळूहळू मागे नेताना डबीतलं तेल वर चढताना दिसत होतं. ते कडेला येईपर्यंत बघत राहिले, वर्गात फळ्यावर काढलेली आकृती डोळ्यांसमोर हलत असल्यासारखी.

चाकं बसवून मी गाडी सुरू करायला गेले तेव्हा तो ओरडलाच. "पेडल मारल्याशिवाय हलवायची नाही!" पहिल्यांदा पेडल थेट तळाला गेलं. दुसऱ्यांदा अर्ध्यावर, चौथ्यांदा घट्ट. पिस्टन मागे ढकललेला असतो, तो पॅडपर्यंत पुन्हा यायला तेवढे हेलपाटे लागतात. हे न करता गाडी रस्त्यावर काढणाऱ्याला पहिल्या चौकात ब्रेक नसतो. मग खानापूर रोडला पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारले, मध्ये थोडं चालवून थंड होऊ दिलं. नवे पॅड डिस्कशी असे जुळवून घ्यावे लागतात. पॅड, रबर आणि मजुरी धरून अडीच हजाराच्या आत. मजुरी घेत नव्हता, डॅशबोर्डवरून उचलून त्याच्या खिशात घातली.

त्याच दुपारी घाट उतरले. अकराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली आणायची म्हणजे जी शक्ती जिरवावी लागते, तिच्यात वीस लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकवर टाकली तर डिस्क तापते, तेलही तापतं. जुन्या, ओलावा शोषलेल्या तेलात मग बुडबुडे येतात, आणि बुडबुडा दाबला जातो पण दाब पुढे देत नाही. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, थोडा भार इंजिनावर. मागे एक ट्रक हॉर्न वाजवत होता. त्याला वाजवू दिलं.

आईचं ऑपरेशन ठीक झालं. आठ दिवसांनी तिला घेऊन आले. चढताना ती काळा चष्मा लावून धरण शोधत होती, दिसलं तेव्हा इतकं निळं होतं काय गं हे, असं दोनदा म्हणाली. ब्रेकचं तेल तीन वर्षांचं झालंय, ते दिवाळीच्या आत बदलायचं आहे, आणि मागच्या ड्रममधले लायनरही त्याच वेळी उघडून बघायचे ठरले आहेत. मिस्त्रीने रविवारची वेळ दिली आहे. शेजारचे काकाही त्यांची गाडी आणतो म्हणालेत.